मात्रा आणि मर्यादा : मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधयोजना
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या घरांतून तान्ह्या मुलाला बाळगुटी देण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ उगाळताना घरातील वडीलधारी बाई ‘याचे दोन वेढे, त्याचा एकच’ असे मोजून उगाळते. जायफळाचा वेढा अधिक झाला तर मूल गुंगून पडेल आणि हिरड्याचा कमी झाला तर गुण येणार नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. चरकसंहितेत तर असे स्पष्ट सांगितले आहे की, तीक्ष्ण विषदेखील योग्य योजनेने उत्तम औषध होते आणि औषधाची योजना चुकली तर तेच विष ठरते. सोळाव्या शतकात युरोपातील पॅरासेल्सस या वैद्यानेही मात्रेविषयी असाच विचार मांडला होता. विचार जुना आहे. पण आजच्या अत्यंत आधुनिक औषधांच्या बाबतीत त्याची कसोटी नव्याने लागत आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगावर दिली जाणारी औषधे हे त्याचे एक बोलके उदाहरण होय. त्याच विषयी आज आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम एक काल्पनिक चित्र डोळ्यांपुढे आणू. एक निवृत्त शिक्षक आहेत. मूत्रपिंडात उद्भवलेला त्यांचा कर्करोग फुप्फुसापर्यंत पोहोचला असून, डॉक्टरांनी त्यांना रोज घ्यावयाच्या गोळ्या दिल्या आहेत. दीड महिन्यात त्यांचे तळपाय सोलवटून निघाले, तोंड आले, जेवणाची चव गेली, दिवसातून पाचसहा वेळा जुलाब होऊ लागले. पत्नी म्हणते, “अहो, डॉक्टरांना एकदा सांगा तरी.” त्यावर ते म्हणतात, “सांगितले तर गोळी कमी करतील. आणि गोळी कमी झाली की रोग वाढेल. सोसवेल तितके सोसतो.” पुढे पुढे सोसवेनासे होते. मग ते कोणालाही न सांगता एक दिवसाआड गोळी घेऊ लागतात. डॉक्टरांच्या कागदावर मात्र पूर्ण मात्रा चालू असते.

या चित्रात दोन चुका आहेत. पहिली, त्रास लपविण्याची. दुसरी, मात्रा आपल्याच विचाराने बदलण्याची. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे : औषध जितके अधिक, तितका गुण अधिक, आणि मात्रा कमी करणे म्हणजे रोगापुढे शरण जाणे. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी औषध काय करते ते आधी समजून घेतले पाहिजे.

मूत्रपिंडे ही मुठीएवढी दोन इंद्रिये. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती रक्तातून गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात घेऊन अवघे दीडदोन लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकतात. या इंद्रियातील कर्करोग पुष्कळदा मूकपणे वाढतो. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करावी आणि गाठ दृष्टीस पडावी, असे वारंवार घडते. रोग मूत्रपिंडापुरता असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. परंतु तो फुप्फुसे, हाडे, यकृत अशा दूरच्या ठिकाणी पसरला म्हणजे औषधांची पाळी येते. इतर अनेक कर्करोगांवर चालणारी नेहमीची केमोथेरपी या रोगावर सहसा चालत नाही. म्हणून वैद्यकाला येथे निराळी वाट शोधावी लागली.

ती वाट एका आनुवंशिक रोगाच्या अभ्यासातून सापडली. जर्मनीतील नेत्रतज्ज्ञ फॉन हिप्पेल आणि स्वीडनमधील विकृतितज्ज्ञ लिंडाऊ यांच्या नावांनी ओळखला जाणारा हा रोग काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या उतरतो आणि अशा कुटुंबांतील पुष्कळांना मूत्रपिंडाचा कर्करोग होतो. १९९३ साली या रोगाचा जनुक सापडला; त्याला व्ही. एच. एल. असे म्हणतात. पुढे असे दिसून आले की, मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा जो सर्वांत नेहमी आढळणारा प्रकार आहे, त्यातील बहुसंख्य गाठींत, घराण्यात तो रोग नसतानाही, हाच जनुक बिघडलेला असतो.

या जनुकाचे काम मोठे मजेदार आहे. पेशीला प्राणवायू कमी पडू लागला की तिच्यात एच. आय. एफ. नावाचे एक प्रथिन साठते आणि ‘नव्या रक्तवाहिन्या बांधा, अधिक रक्त आणा’ असा हुकूम सोडते. प्राणवायू पुरेसा असेल तेव्हा व्ही. एच. एल. हे त्या प्रथिनाला नष्ट करण्याची व्यवस्था करते. जनुकच बिघडला की हुकूम थांबविणारा कोणी उरत नाही. प्राणवायू मुबलक असतानाही पेशी टंचाईची हाकाटी चालूच ठेवते, आणि गाठीभोवती रक्तवाहिन्यांचे दाट जाळे उभे राहते. पेशींना प्राणवायूची जाणीव कशी होते, या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तवाहिन्या वाढविणारा जो संदेश पेशी पाठवते, त्याचे नाव व्ही. ई. जी. एफ. तो संदेश रक्तवाहिनीच्या भिंतीवरील ग्राहकापर्यंत पोहोचला तरी तेथून पुढे जाऊ नये, अशी तजवीज करणाऱ्या गोळ्या २००५ च्या अखेरीपासून वापरात आल्या. सोराफेनिब ही पहिली. पाठोपाठ २००६ च्या आरंभी सुनिटिनिब. पुढे पॅझोपॅनिब, अॅक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब, लेनव्हॅटिनिब. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या चाचणीत, जुन्या इंटरफेरॉन उपचाराने रोगाची वाढ सुमारे ५ महिने थोपली, तर सुनिटिनिबने सुमारे ११ महिने. लाभ खरा होता.

पण रक्तवाहिन्या केवळ गाठीलाच असतात असे नाही. तळहात-तळपायांची त्वचा, आतड्याचे अस्तर, गळ्यातील थायरॉइड ग्रंथी, खुद्द मूत्रपिंडातील गाळण्या, या सर्वांना त्याच संदेशाची थोडीबहुत गरज असते. गाठीकडे जाणारी वाट अडविली की या निरपराध इंद्रियांचीही वाट अडते. म्हणून रक्तदाब वाढतो, मूत्रातून प्रथिन जाऊ लागते, जखम भरण्यास वेळ लागतो, थायरॉइड मंदावते आणि थकवा येतो. शिवाय ही औषधे आणखीही काही संदेश अडवितात. सुनिटिनिबने केसांचा रंग जातो आणि औषध थांबविले की परत येतो. त्यामुळे काही रुग्णांच्या केसांत काळ्यापांढऱ्या पट्ट्या उमटलेल्या दिसतात. रुग्णाने गोळी केव्हा घेतली आणि केव्हा सोडली याची जणू नोंदच निसर्ग केसांवर करून ठेवतो. तात्पर्य, गुण आणि अपाय ही येथे दोन निराळ्या झाडांची फळे नाहीत. ती पुष्कळ अंशी एकाच फांदीवर लागतात.

आता प्रश्न असा की, गोळीची मात्रा ठरते कशी? जुन्या केमोथेरपीच्या काळापासून एक रीत चालत आली आहे. थोड्या रुग्णांना, बहुधा तिघातिघांच्या गटांना, लहान मात्रा द्यावयाची. ती सोसली तर पुढच्या गटाला वाढवून द्यावयाची. आणि तीव्र त्रास होऊ लागला की एक पायरी खाली उतरून तीच मात्रा कायम करावयाची. तिला ‘सोसवेल अशी महत्तम मात्रा’ म्हणतात. ठरावीक दिवसांनी शिरेतून देण्याच्या आणि मर्यादित काळ चालणाऱ्या औषधाला ही रीत बरी. परंतु या चाचणीत पाहिला जातो तो बहुधा पहिल्या महिन्याभरातील त्रास. आणि गोळी तर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावयाची असते. त्रासाच्या श्रेण्याही ठरलेल्या आहेत. नेहमीपेक्षा दिवसाला चार ते सहा वेळा अधिक शौचास जावे लागले तर ती दुसरी श्रेणी, म्हणजे ‘मध्यम’; सात किंवा त्याहून अधिक वेळा झाले तर तिसरी. मात्रा ठरविताना लक्ष असते ते तिसऱ्या-चौथ्या श्रेणीकडे. पण दुसऱ्या श्रेणीचा ‘मध्यम’ त्रास सहा महिने रोज भोगणाऱ्या माणसाला त्यात मध्यम असे काय वाटणार? घराबाहेर पडणे, देवळात जाणे, नातवाच्या मुंजीला दोन तास बसणे, सारेच त्याला अवघड होऊन बसते.

औषध अधिक म्हणजे गुण अधिक, या समजुतीत तथ्य मुळीच नाही असेही नव्हे. सुनिटिनिबच्या अभ्यासांत रक्तातील औषधाचे प्रमाण ज्यांच्यात अधिक होते, त्यांच्यात रोग अधिक काळ थोपला, आणि त्रासही अधिक झाला, असे दिसले आहे. म्हणजे अगदी क्षुल्लक मात्राही उपयोगाची नाही. पण यातली खरी मेख पुढेच आहे. ‘५० मिलिग्रॅम’ हा आकडा गोळीवर छापलेला असतो. रक्तात किती उतरते ते ज्याच्या त्याच्या यकृतावर अवलंबून असते. यकृतातील जो विकर या औषधांचे विघटन करतो, त्याचा वेग माणसामाणसांत पुष्कळ निराळा असतो. एकच गोळी एकाच्या रक्तात पुरेशी, दुसऱ्याच्या रक्तात अपुरी आणि तिसऱ्याच्या रक्तात जास्त होऊ शकते. क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असेल तर त्या विकराचा वेग वाढून कर्करोगाचे औषध लवकर नाहीसे होते. उलट ग्रेपफ्रूट या पपनसाच्या जातीच्या फळाने, किंवा बुरशीवरील काही औषधांनी, तो मंदावतो आणि औषध रक्तात साचते. पॅझोपॅनिब जेवणाबरोबर घेतले तर रक्तात सुमारे दुप्पट उतरते. म्हणून ते जेवणापूर्वी निदान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावयाचे असते. सुनिटिनिबला मात्र जेवणाचे असे बंधन नाही. आम्लपित्तावरची साधी गोळीदेखील पॅझोपॅनिबचे शोषण कमी करते. तेव्हा छापील मात्रा एक असली तरी लाभलेली मात्रा एक नसते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग त्या व्यक्तीला योग्य मात्रा कोणती, हे ओळखावे कसे? काही ठिकाणी रक्तातील औषधाचे प्रमाण मोजतात. पण बहुतेक वेळा शरीरच ते सांगते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे रक्तदाब. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सुनिटिनिब घेणाऱ्या ज्या रुग्णांचा वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून अधिक झाला, त्यांच्यात रोग सरासरीने साडेबारा महिने थोपला. ज्यांचा वाढला नाही त्यांच्यात केवळ अडीच महिने. औषध रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचले याची ती एक खूणच म्हणावयाची. महत्त्वाची गोष्ट ही की, वाढलेला रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आणला म्हणून कर्करोगावरील गुण कमी झाला नाही. म्हणजे खूण पाहावी आणि तिचा बंदोबस्तही करावा. मात्र ज्याचा रक्तदाब वाढला नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. हा पुष्कळांच्या बेरजेतून निघालेला निष्कर्ष आहे, एकाच्या पत्रिकेत लिहिलेले भविष्य नव्हे.

या खुणेचा उपयोग मात्रा वाढविण्यासाठीही करून पाहण्यात आला. अॅक्सिटिनिब सुरुवातीस ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना ही मात्रा सहज सोसली आणि ज्यांचा रक्तदाब फारसा वाढला नाही, त्यांतील निम्म्यांची मात्रा पायरीपायरीने वाढविली आणि निम्म्यांना वाढीव म्हणून निष्क्रिय गोळी दिली. गाठी लक्षणीय आक्रसण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५४ टक्के, दुसऱ्यात ३४ टक्के आले. गंमत अशी की, ज्यांना मूळ मात्राच पुरेशी जाणवत होती आणि म्हणून जी वाढविली नाही, त्यांच्यातही हे प्रमाण ५९ टक्के होते. म्हणजे एकाला १० मिलिग्रॅमने जे मिळावयाचे ते दुसऱ्याला पाचानेच मिळत होते. अर्थात गाठ आक्रसली तरी रोग थोपण्याचा काळ वाढविलेल्या गटात स्पष्टपणे अधिक ठरला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता आपल्या शिक्षकांच्या भीतीकडे वळू. मात्रा कमी केली तर रोग वाढेल काय? ज्या चाचण्यांवरून या औषधांची कीर्ती झाली, त्यांतच याचे उत्तर दडलेले आहे. कॅबोझँटिनिबच्या २०१५ सालच्या प्रमुख चाचणीत सुमारे ६० टक्के रुग्णांची मात्रा वाटेत कमी करावी लागली होती. लेनव्हॅटिनिब आणि पेंब्रोलिझुमॅब या जोडीच्या २०२१ सालच्या चाचणीत लेनव्हॅटिनिबची मात्रा जवळजवळ ६९ टक्के रुग्णांत कमी केली गेली. आणि तरीही त्या जोडीने रोग सुमारे २४ महिने थोपविला, जेथे एकट्या सुनिटिनिबने सुमारे ९ महिने थोपविला होता. हे जे लाभाचे आकडे आपण वाचतो, ते मात्रा न चुकता पूर्ण सोसणाऱ्या वीरांचे नाहीत. ज्यांची मात्रा उतरविली गेली, ज्यांना मध्ये आठ दिवस विसावा दिला गेला, अशा माणसांसह मिळालेले ते आकडे आहेत. डॉक्टरने मात्रा कमी केली म्हणजे उपचार सोडला असे नव्हे. ती उपचाराचीच एक पायरी आहे.

विसावा देण्याच्या रीतीवरही विचार झाला आहे. सुनिटिनिब मूळ पद्धतीप्रमाणे चार आठवडे रोज घेऊन दोन आठवडे थांबवितात. पुष्कळांचा त्रास तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिगेला पोहोचतो. म्हणून दोन आठवडे औषध आणि एक आठवडा विसावा, अशी योजना पुढे आली. हिशेब करून पाहा : सहा आठवड्यांत गोळ्या दोन्हीकडे अठ्ठावीसच, पण त्रास साचण्यापूर्वीच सुटी मिळते. दक्षिण कोरियातील एका लहान चाचणीत या नव्या योजनेत थकवा आणि श्वेतपेशींची घट कमी आढळली. ब्रिटनमध्ये तर याहून धीट प्रयोग झाला. ९२० रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध, रोग आटोक्यात असेल तर, सुमारे सहा महिन्यांनंतर थांबविले आणि रोग पुन्हा डोके वर काढील तेव्हा परत सुरू केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आयुष्यमानाच्या बाबतीत संख्याशास्त्राची कडक अट पूर्ण झाली नाही; तथापि थांबविलेल्यांचे आयुष्य म्हणण्याजोगे घटल्याचेही दिसले नाही. म्हणून हा मार्ग सर्वांना सरसकट नव्हे. पण योग्य रुग्णाशी डॉक्टरने चर्चा करावी इतका तो भक्कम आहे.

या तोलात रुग्णाचे मत किती मोलाचे आहे, ते दाखविणारा एक सुंदर अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एकाच रुग्णाला काही आठवडे सुनिटिनिब आणि काही आठवडे पॅझोपॅनिब दिले. कोणते केव्हा, हे रुग्णाला किंवा डॉक्टरला कळू दिले नाही. शेवटी विचारले, यांतले कोणते चालू ठेवावे? ७० टक्क्यांनी पॅझोपॅनिब म्हटले, २२ टक्क्यांनी सुनिटिनिब, उरलेल्यांना दोन्ही सारखी. रोग थोपविण्यात ही दोन औषधे जवळजवळ तुल्यबळ आहेत, असे त्याच सुमारास १,११० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत दिसून आले होते. स्कॅनच्या दृष्टीने जे सारखे, ते जगण्याच्या दृष्टीने सारखे नव्हते. आणि हा फरक रुग्णाला विचारल्यावाचून कळला नसता.

येथवर गोळ्यांविषयी झाले. शरीराची प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधांचे गणित निराळे आहे. या वाटेवरील जुने औषध इंटरल्यूकिन-२. १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दर आठ तासांनी मोठ्या मात्रेत रुग्णालयातच द्यावयाचे; ताप चढे, रक्तदाब कोसळे, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून अंग सुजे. शंभरात सुमारे चौदांच्या गाठी आक्रसत आणि सुमारे पाचांच्या पार नाहीशा होत. पण त्यांतील काहींना वर्षानुवर्षांचे आयुष्य मिळे. मोठी मात्रा हीच तेथे अट होती.

पुढे निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही शिरेतून देण्याची औषधे आली. या जोडीच्या आरंभीच्या चाचणीत दोन योजना शेजारीशेजारी पाहिल्या गेल्या. एकीत देहभाराच्या दर किलोमागे निव्होलुमॅब ३ आणि इपिलिमुमॅब १ मिलिग्रॅम. दुसरीत नेमके उलट. गाठी आक्रसण्याचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे ४० टक्के, अगदी सारखे. तीव्र त्रास मात्र पहिलीत सुमारे ३८ टक्के, तर दुसरीत सुमारे ६२ टक्के. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी पहिली योजना निवडली गेली, हे सांगावयास नकोच. बेल्झुटिफॅन ही अगदी अलीकडची गोळी एच. आय. एफ. प्रथिनाच्याच एका प्रकाराला अडविते. तिच्याही १२० आणि २०० मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना झाली. गुण दोन्हीकडे सुमारे २३ टक्क्यांत सारखाच आला. अधिक देऊन अधिक मिळाले नाही.

आपल्याकडे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी याच दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. डोके व मान यांच्या कर्करोगाने ग्रस्त १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगाचे धाडस कळते. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. तो मूत्रपिंडाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु ज्या देशात औषधाची किंमत हीच पुष्कळांसाठी अखेरची मर्यादा असते, तेथे ‘किती पुरे?’ हा प्रश्न विचारणे किती निकडीचे आहे, ते त्याने दाखवून दिले.

प्रतिकारशक्तीच्या औषधांत आणखी एक भेद आहे. गोळीचा त्रास झाला तर मात्रा उतरविता येते. येथे तसे करीत नाहीत. जागी झालेली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर उलटली तर औषध थांबवून स्टिरॉइड द्यावे लागते. आणि हे उलटणे अखेरच्या सलाइननंतर काही महिन्यांनीही घडू शकते. आता पहिल्या उपचारात बहुधा दोन औषधांची जोडी देतात. तीत गोळी आणि शिरेतील औषध अशी युती असली म्हणजे पेच पडतो. जुलाब सुरू झाले, दोषी कोण? येथे औषध शरीरात किती वेळ टिकते हे ज्ञान उपयोगी पडते. अॅक्सिटिनिब काही तासांतच निम्मे होते. म्हणून ते थांबविल्यावर दोनतीन दिवसांत जुलाब ओसरले तर दोष बहुधा गोळीचा. न ओसरले तर प्रतिकारशक्तीचा संशय घेऊन त्वरित उपाय करावा लागतो. उलट कॅबोझँटिनिब निम्मे होण्यास चार दिवस लागतात. तेथे निवाड्याला थांबावे लागते. रुग्णाने जुलाबाची हकिगत दडवून ठेवली, तर हा सारा न्यायनिवाडा साक्षीदाराविना चालणार!

म्हणून शेवटी पुन्हा आपल्या शिक्षकांच्या घरी जाऊ. त्यांनी काय करावे? एक साधी वही घालावी. रोजची गोळी घेतली की नाही, सकाळचा रक्तदाब, शौचाच्या वेळा, वजन, तोंड व तळपाय यांची स्थिती, एवढेच तीत लिहावे. घरातील मुलासुनेने आठवड्यातून एकदा ती पाहावी. तळपायांना आरंभापासून मऊ मलम लावावे, घट्ट जोडा टाळावा. चालू असलेले प्रत्येक औषध, चूर्ण आणि काढासुद्धा, डॉक्टरांना दाखवावा. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यावयाची, हेही निःसंकोच विचारावे. औषध परवडत नसेल आणि म्हणून गोळ्या पुरवून पुरवून घ्याव्या लागत असतील, तर तेही सांगावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. डॉक्टर मात्रा बदलू शकतील, औषध बदलू शकतील, रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे पाठवू शकतील. पण जे त्यांना माहीतच नाही, त्यावर ते उपाय कसा करणार? आणि मोठे जुलाब, धाप, छातीत दुखणे, अंगावर अचानक पिवळेपणा, रक्तस्राव, असे काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मनाने मात्रा कमी करणारा रुग्ण आणि डॉक्टरच्या सल्ल्याने मात्रा कमी करणारा रुग्ण, यांच्या हातातील गोळ्या कदाचित सारख्याच असतील. पण पहिल्याच्या बाबतीत, रोग वाढला तर डॉक्टरला वाटेल की पूर्ण मात्राही हरली, आणि एक चांगले औषध कायमचे बाद होईल. दुसऱ्याच्या बाबतीत प्रत्येक पायरी हिशेबात असेल. हा फरक लहान नाही.

औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेने २०२१ पासून, कर्करोगावरील नव्या औषधांची मात्रा केवळ ‘किती सोसते’ यावर न ठरविता ‘किती पुरते’ हे पाहून ठरवावी, असा आग्रह धरला आहे. सहाणेवर वेढे मोजणाऱ्या आजीला हा आग्रह नवा वाटला नसता. ती वेढे मोजीत असे, पण तेवढ्यावर थांबत नसे; मूल झोपले कसे, दूध प्यायले किती, रडले का, हे ती दिवसभर पाहत असे, आणि दुसऱ्या दिवशीचे वेढे त्यावरून ठरवीत असे. आजच्या रुग्णाला बोलता येते, हे आपले केवढे भाग्य! त्याने बोलावे आणि डॉक्टरने ऐकावे. मात्रा लागू पडते ती तेव्हाच.